संस्थेच्या संकेतस्थळावर सभासद नसलेल्यांना संपादन करू द्यावं का?

पायवाट
मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आमची किल्ल्यांवर काम करणारी स्वयंसेवी संस्था आहे. नोंदणीकृत, सभासद दीडशेच्या आसपास. श्रमदानाला नेमाने येणारे पंचवीस-तीस. टाक्यांतला गाळ काढणं, वाटेवर दिशादर्शक लावणं, परवानगी मिळेल तिथे दरवाजाजवळचं झाडोरं काढणं, अशी कामं. संस्थेच्या संकेतस्थळावर शंभरेक किल्ल्यांची पानं आहेत. वाटा, पाणी, मुक्काम, पायथ्याचं गाव, जेवणाची सोय, थोडा इतिहास. पान बदलायचा अधिकार तीनच जणांकडे आहे आणि तिघंही कार्यकारिणीतले.

मागच्या एप्रिलमध्ये एक गट आमचं पान वाचून एका गडावर गेला. बालेकिल्ल्याखालच्या टाक्यात बारमाही पाणी असतं, असं आम्ही लिहिलं होतं. त्या टाक्याला तडा गेलाय आणि दोन वर्षं ते फेब्रुवारीतच आटतंय. गटात दोन शाळकरी मुलं होती, त्यातल्या एकाला ऊन लागलं. गावातली पोरं कळशा घेऊन वर धावली आणि त्याला खाली आणलं, म्हणून निभावलं.

नंतर जुने मेल चाळताना दिसलं की याच गावातल्या एका तरुणाने टाकं फुटल्याचं आम्हाला आठ महिने आधी कळवलं होतं. तो मेल मी वाचला होता. 'पुढच्या बैठकीत घेऊ' असं उत्तरही दिलं होतं. बैठकीत तो विषय आलाच नाही. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

फेब्रुवारीत वार्षिक सभा आहे. सभासद नसलेल्यांनाही पानं बदलू द्यावीत असा ठराव मी मांडणार आहे. कार्यकारिणीत सरळ दोन तट पडलेत. तुमचं मत आणि असा अनुभव असेल तर तो सांगा.

घसारा
माझं मत स्पष्ट आहे: नको.

खांडसहून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतील. गणेश घाट लांबचा पण सरळ, आणि शिडी घाट. शिडी घाट कोरड्या दिवसात एखादा तरणा गडी हसत चढून जातो. पावसात शेवाळलेल्या कातळावर तोच घाट जिवावर बेततो. आता जानेवारीत चढून गेलेल्या एखाद्या हौशी माणसाने घरी येऊन तुमच्या पानावर लिहिलं, 'शिडी घाट सोपा आहे, मुलांना घेऊन जा'. जुलैत ते वाचून एखादं कुटुंब गेलं, तर? तो माणूस खोटं लिहीत नाही, हाच खरा धोका आहे. त्याला तो सोपाच वाटला.

आमच्या संस्थेत तीन मोहिमा केल्याशिवाय सभासद करून घेत नाहीत. ती गाळणी उगाच लावलेली नाही. वाट लिहिणं म्हणजे दुसऱ्याचा जीव हातात घेणं. मी पंचवीस वर्षं डोंगरात फिरतोय आणि दोन वेळा प्रेत उतरवायला गेलोय. माझा आवाज चढा वाटला तर त्याचं कारण हे आहे.

करवंद
घसारा, तुमची कळकळ पोचली. पण एक विचारते. बारमाही पाण्याचं ते वाक्य कोणी लिहिलं होतं? सभासदानेच ना? आणि दुरुस्ती कोणाकडे होती? सभासद नसलेल्याकडे. या प्रकरणात गाळणीने नेमकं उलटं काम केलं.

अजून एक. वाक्य लिहिलं तेव्हा ते खरंच असणार. चूक नंतर झाली, टाकं फुटल्यावर. लिहिणारा कितीही जाणता असला तरी दर महिन्याला टाक्यात डोकावायला जाणार नाही. तिथे रोज कोण जातं? गुराखी.

टिंबटिंब
करवंद +१. गुराख्याला पासवर्ड द्या. मनापासून म्हणतोय.

सर्व्हर_रूम
तांत्रिक बाजू सांगतो, कारण उत्साहात ती मागे पडते. एका वाचनालयाच्या स्थळाची देखभाल मी करायचो. अभिप्रायाचं पान आम्ही सगळ्यांना खुलं ठेवलं. सोमवारी सकाळी पाहिलं तर शेकडो नोंदी पडलेल्या: औषधं, जुगार, कर्ज. माणसांनी नाही, यंत्रांनी टाकलेल्या. खुलं दार दिसलं की ही यंत्रं तासाभरात हजर होतात, तुमची संस्था छोटी असल्याने काही फरक पडत नाही.

यावर उपाय आहेत. प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारी प्रणाली घ्या, म्हणजे एका टिचकीत मागे जाता येतं. नवख्याला बाहेरचे दुवे टाकू देऊ नका, कारण यंत्रांना तेवढंच हवं असतं. आणि जतन करण्याआधी मराठीत एक साधा प्रश्न विचारा, जो यंत्राला अडवेल पण डोंगरातल्या माणसाला नाही. उदा. 'गडावर कातळात खोदलेल्या पाणीसाठ्याला काय म्हणतात?'

टिंबटिंब
उत्तर टाकं.

मोडीवाचक
टाके.

करवंद
आमच्याकडे 'टाकी' म्हणतात, एक असली तरी. झाली की नाही पंचाईत?

टिंबटिंब
म्हणजे जो बरोबर उत्तर देईल तो यंत्र, आणि जो वाद घालेल तो मराठी माणूस. आत घ्या त्याला.

सर्व्हर_रूम
:) तिन्ही उत्तरं चालवून घेऊ. पण कल्पना कामाची आहे, मी वापरून पाहिली आहे.

अंकपत्ता
मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. जरा लांबण लागेल.

विकिपीडियाच्या आधी त्याच लोकांनी २००० साली न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला होता. लेख जाणकारांनी लिहायचा, मग तो सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. पहिल्या वर्षात २१ लेख झाले. १५ जानेवारी २००१ ला कोणीही बदलू शकेल असा विकिपीडिया जोडीला सुरू केला, आणि त्याचे पहिल्या वर्षातच हजारो लेख झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिनाचा. पायवाट, तुमची तीन माणसं ही छोटी न्यूपीडियाच आहे. त्यांची नियत चांगली आहे पण हात तीनच जोड्या.

आता दुसरी बाजू, ती लपवणार नाही. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कोणीतरी अनामिकाने जॉन सायगेनथालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या पानावर लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांत याचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं, आणि ते चार महिने तसंच राहिलं. त्या गदारोळानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवीन पान सुरू करायला बंदी घातली. असलेलं पान मात्र ते पुढेही बदलू शकले. पोर्तुगीज विकिपीडियाने तर २०२० मध्ये खात्याशिवाय संपादनच बंद केलं. जर्मनांनी २००८ पासून वेगळी वाट धरली. बदल कोणीही करावा, पण अनुभवी संपादकाने नजरेखालून घालेपर्यंत सर्वसाधारण वाचकाला आधीची तपासलेली आवृत्ती दिसते.

म्हणजे एकाच घरातल्या भावंडांनी तीन वेगळी उत्तरं काढली. 'खुलं की बंद' असा प्रश्न सभेपुढे ठेवलात तर वादच होईल. कोणी काय बदलायचं आणि ते वाचकाला कधी दिसायचं, असा ठेवा.

शेवटचं. उत्पात होतो, पण सुट्टीच्या दिवशी शाळकरी मुलांनी लिहिलेलं 'गण्या वेडा आहे' हे दहा मिनिटांत कोणीतरी उलटवतं. महिनोन्महिने टिकते ती खरी वाटणारी चूक. तिला शोधायला माणूस लागतो, आणि तो जितक्या जवळचा तितका बरा.

घसारा
अंकपत्ता, माहितीबद्दल आभार, यातलं बरंच मला नवीन होतं. पण ज्ञानकोशातली चूक वाचून कोणी दरीत जात नाही. शिवाय तुमच्याकडे 'अलीकडील बदल' पाहत बसणारी माणसं आहेत. पायवाटच्या संस्थेत आलेला मेल आठ महिने पडून राहिला (पायवाट, दुखावायचं नाही). मग आलेले बदल कोण बघणार?

पायवाट
दुखावलो नाही. तोच प्रश्न कार्यकारिणीतही आला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नकाशावाला
घसारा, तुम्ही डोंगरात फोनवर जो नकाशा बघता, त्यातल्या पायवाटा बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपवरून आलेल्या असतात. ऑस्मअँड अ‍ॅप असो की ऑर्गॅनिक मॅप्स, खाली तोच विदा (डेटा) आहे. हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि सह्याद्रीतल्या वाटा त्यावर आपल्यासारख्यांनीच चढवल्यात. मीही चढवतो.

धाग्याच्या विषयाशी संबंध असा, की या नकाशामागे एक प्रतिष्ठान आहे. त्याचं सभासदत्व आहे, वर्गणी आहे, निवडणुका आहेत. पण नकाशा बदलायला सभासद असावं लागत नाही. विनामूल्य खातं उघडा आणि लिहा. नकाशा बदलणाऱ्यांपैकी अगदी थोडे प्रतिष्ठानाचे सभासद आहेत. सर्व्हरचा खर्च, पैसे, कायद्याची कामं सभासदांनी निवडलेलं मंडळ बघतं. नकाशा खरा ठेवणं हे ज्याला रस्ता माहीत आहे त्याचं काम. या दोन गोष्टी तिथे पहिल्यापासून वेगळ्या आहेत, आणि मला वाटतं पायवाटच्या संस्थेत त्या एकात एक अडकल्यात.

मात्र खातं लागतंच. अनामिक बदल तिथे चालत नाहीत, म्हणजे शंका आली तर विचारायला समोर कोणीतरी असतं.

साता_समुद्रापार
इकडे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या स्थळावर मराठी शाळांची यादी आहे. शिकवणारे बरेच पालक मंडळाचे सभासद नाहीत. वर्गाची जागा बदलली की त्यांनी आम्हाला कळवायचं, आम्ही बदलायचं. एकदा दोन आठवडे उशीर झाला आणि थंडीत चार कुटुंबं बंद शाळेच्या दारात उभी राहिली. त्यानंतर आम्ही ज्या-त्या शाळेचं पान त्या-त्या शिक्षकाच्या ताब्यात दिलं. सगळं स्थळ नव्हे, त्यांचं पान तेवढं. आजवर तक्रार नाही.

माचीवरचा
नमस्कार. मी फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. एका गडाच्या पायथ्याच्या गावात राहतो. आमच्याकडे ट्रेकर जेवायला, मुक्कामाला असतात. गावाचं नाव नको, कोणाशी वाकडेपणा नको.

आमच्या गडाच्या पानावर (पायवाट दादांच्या नाही, दुसऱ्या एका संस्थेच्या) जेवणासाठी एक मोबाइल नंबर आहे. तो माझ्या चुलत्यांचा. चुलते जाऊन तीन वर्षं झाली. तो फोन आता चुलती वापरते. रात्री अकरा वाजता फोन येतो, 'काका, उद्या पंधरा जणांचं पिठलं-भाकरी'. प्रत्येक वेळी तिला सांगावं लागतं की काका नाहीत. संस्थेला मी तीनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं, सभासद व्हा मग बोलू.

सभासद व्हायला हरकत नाही. वर्गणी भरीन. पण त्यांच्या सभा रविवारी शहरात असतात, आणि रविवारच तर आमचा कमाईचा दिवस. गडावर माणसं असताना मी शहरात सभेला जाऊ का?

आणि दुसरं. वाटेवर दरड आली की पहिल्यांदा आम्हाला कळतं. पावसाळ्यात कोणी अडकलं तर रात्री बॅटऱ्या घेऊन आम्हीच जातो. मग लिहिताना आम्ही बाहेरचे कसे?

करवंद
माचीवरचा दादा, बरं केलंत लिहिलंत. पहिल्या पोस्टपासून मला हेच म्हणायचं होतं, पण तुमच्यासारखं सांगता आलं नसतं.

घसारा
माचीवरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं उत्तर अजून पूर्ण बदललेलं नाही, पण 'बाहेरचे' या शब्दाबद्दल तुम्ही बरोबर आहात. मी ज्या दोन वेळा प्रेत उतरवायला गेलो, दोन्ही वेळा वाट दाखवायला पुढे गावातलेच होते.

संस्थेचं नाव विचारत नाही, पण तो नंबर काढून घ्यायला मी मदत करू का? व्यक्तिगत निरोप पाठवतो.

कायदेकानू
कायद्याच्या अंगाने चार गोष्टी.

पायवाट, तुमची संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, आपल्याकडे बहुतेक असतात. सभासदत्वाने मत, सभेची सूचना, निवडणुकीला उभं राहायचा हक्क हे मिळतं. संकेतस्थळावर कोणी लिहावं हा त्यातला विषय नाही. संस्थेची घटना आणि नियमावली एकदा वाचून घ्या. त्यात आडकाठी नसेल तर साध्या ठरावाने काम होतं, घटनादुरुस्ती करून धर्मादाय कार्यालयात खेटे घालायला नकोत.

दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीचं बघायचं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर नुसता दाखवणाऱ्या स्थळाला, संरक्षण आहे. त्यातली एक अट अशी की मजकूर मध्यस्थाने स्वतः निवडलेला किंवा बदललेला नसावा. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की मजकूर काढायची जबाबदारी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावर येते. तेव्हा प्रत्येक ओळ तपासून, दुरुस्त करून मगच छापणार असाल, तर 'आम्ही नुसता फळा पुरवला' असं म्हणणं अवघड होतं. तपासणी करू नका असं माझं म्हणणं नाही. तपासणार असाल तर जबाबदारीही घेताय, एवढं सभेत सांगा.

माचीवरचा यांनी सांगितलेला प्रकार गंभीर आहे. व्यक्तीचा मोबाइल नंबर तिच्या संमतीशिवाय छापू नये आणि मागितल्यावर काढावा, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा तीच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हे कळायला हवं होतं.

आणि जतन करायच्या कळीखाली एक ओळ हवीच: लिहिणारा हा मजकूर मुक्त परवान्याखाली देतोय. नाहीतर उद्या कोणी रागावून म्हणेल, माझी वाक्यं काढा, आणि पान फाटेल.

मोडीवाचक
इतिहासाच्या भागाबद्दल मात्र मी घसारा यांच्या बाजूचा आहे.

जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि सगळ्याच स्थळांवर एकदम लिहायची लाट आली. आनंदच झाला. पण मी पाहिलेल्या एका पानावर 'महाराष्ट्रातील १२ किल्ले' असं झालं. त्यातले ११ महाराष्ट्रातले, बारावा जिंजी तामिळनाडूत. आणि जिंजी विसरणं मला लागतं. राजाराम महाराज तिथे राहिले, वर्षानुवर्षं मोगलांच्या वेढ्यात स्वराज्य तिथून चाललं. तसंच पन्हाळ्याचं. तो शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, बाराव्या शतकातला. 'महाराजांनी बांधला' असं प्रेमापोटी लिहिलं जातं आणि त्या प्रेमाने आधीची पाचशे वर्षं पुसली जातात.

त्यामुळे इतिहासाच्या परिच्छेदात आधार दिल्याशिवाय बदल नको, मग करणारा सभासद असो वा नसो. गावातली आख्यायिका जरूर लिहा, मला स्वतःला त्या फार आवडतात, पण 'गावकरी असं सांगतात' असं म्हणून लिहा.

टिंबटिंब
जिंजीवाली चूक सभासदाची की बाहेरच्याची?

मोडीवाचक
सभासदाची. कबूल.

सर्व्हर_रूम
(प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला.)

अंकपत्ता
मोडीवाचकांच्या मुद्द्याने वाट सोपी होते. एकाच पानावर तीन प्रकारचा मजकूर आहे आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. पाणी, गाडीरस्ता, एसटी, मुक्काम, जेवण हे महिन्यात बदलतं. वाट वर्षा-दोन वर्षांत, दरड कोसळली किंवा शिडी लागली की. इतिहास नवीन कागद सापडला तरच. तिघांना एकच कुलूप कशाला?

घसारा
याला मी तयार होईन. पाण्याचा आणि जेवणाचा भाग खुला करा, पण प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवी, लिहिल्याची नाही तर पाहिल्याची. 'बारमाही' हा शब्द तर काढूनच टाका. 'अमुक तारखेला कंबरभर पाणी होतं' एवढं लिहा, पुढचा अंदाज वाचणारा बांधेल.

वाटेच्या वर्णनात मात्र सूचना यावी, आणि ती वाट चाललेल्या दोघांनी होकार दिल्यावरच ती पानावर जावी. त्या दोघांतला एक गावातला असला तर उत्तम. अपवाद एकच: 'वाट बंद आहे', 'शिडी तुटली', 'दरड आली' अशी धोक्याची सूचना ताबडतोब दिसली पाहिजे, तपासणी नंतर. धोक्याची सूचना खोटी निघाली तर कोणाची एक सहल बुडेल. खरी असून अडकून राहिली तर काय होतं ते पायवाटने वर लिहिलंच आहे.

नकाशावाला
घसारा, ही शेवटची तरतूद मला फार पटली. सावध करणाऱ्याला दार उघडं, 'सोपं आहे' म्हणणाऱ्याला तपासणी.

करवंद
अवांतर, पण राहवत नाही. कमी माहीत असलेले धबधबे आणि कुंडं पानांवर यायला लागली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांत तिथे बाटल्या, डीजे आणि पोलीस बंदोबस्त. संपादन खुलं केलंत तर 'काय लिहायचं नाही' याचाही नियम करा, आणि तो ठरवताना त्या गावाला विचारा.

माचीवरचा
करवंद ताई, बरोबर. आमच्याकडे देवराईतलं एक पाणी आहे. ते आम्ही कोणाला सांगत नाही.

सर्व्हर_रूम
खातं उघडताना मोबाइलवर ओटीपी घ्यावा असं सुचवतो. यंत्रांचा त्रास संपेल.

माचीवरचा
दादा, ओटीपी आमच्याकडे येईपर्यंत त्याची वेळ संपते. रेंजसाठी खिंडीपर्यंत जावं लागतं. नाव, गावाचं नाव विचारा आणि तो टाक्याचा प्रश्न विचारा, तो बरा आहे.

सर्व्हर_रूम
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ओटीपी रद्द. प्रश्नावर भागवू.

पायवाट
(महिन्याभराने धागा वर आणतोय.)

सभा झाली. तीन तास चालली. या धाग्यातले बरेच मुद्दे कागदावर काढून नेले होते, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. ठराव मंजूर झाला, पण एकमताने नाही, आणि मंजूर झाला तो दोन दुरुस्त्यांसह.

पाणी, रस्ता, मुक्काम, जेवण हा भाग नाव आणि गाव सांगून कोणीही बदलू शकेल, पाहिल्याच्या तारखेसह. धोक्याची सूचना लगेच दिसेल. वाटेच्या वर्णनाला दोघांचा होकार, इतिहासाला आधार. फोन नंबर फक्त ज्याचा त्याने द्यायचा, आणि दर सहा महिन्यांनी आम्ही फोन करून विचारायचं की ठेवायचा का. ही व्यवस्था एक वर्ष चालवून पुढच्या सभेत पुन्हा विषय घ्यायचा, ही पहिली दुरुस्ती. दुसरी दुरुस्ती सुचवली ती माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेल्या सभासदाने: आलेले बदल पाहायला आठवड्याची पाळी लावायची, नाव फलकावर, आणि ज्याची पाळी चुकेल त्याने पुढच्या सभेत उभं राहून कारण सांगायचं. पहिली पाळी मी मागून घेतली.

एक गोष्ट हरली. पायथ्याच्या गावांतल्या लोकांना वर्गणी माफ करून सभासद करून घ्यावं, असंही मी मांडलं होतं. ते नामंजूर झालं. वर्गणी न भरता मत कसं, असा आक्षेप होता. मला तो पटलेला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. सभा मात्र यापुढे शनिवारी संध्याकाळी घ्यायची ठरली.

ज्याचा मेल माझ्याकडे पडून राहिला त्या तरुणाला भेटायला मी गडावर गेलो होतो. माफी मागितली. तो म्हणाला, 'आधी टाकं बघून घ्या.' तडा मी समजत होतो त्याहून मोठा आहे. पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केलाय. परवानगी मिळेपर्यंत हात लावता येत नाही.

घसारा
पायवाट, वाटांच्या होकारासाठी माझं नाव लिहून ठेवा. भीमाशंकर ते माळशेज पट्टा मला चालेल.

माचीवरचा, त्या नंबरचं काय झालं?

माचीवरचा
निघाला. तुम्ही फोन केलात त्याच आठवड्यात काढला त्यांनी. चुलतीने तुमचं नाव विचारलंय, इकडे आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाही.

पायवाट दादा, तुमच्या संस्थेचं आमच्या गडाचं पान आहे का बघितलं. आहे. मग काल खिंडीत बसून पाण्याची नोंद टाकली. नीट गेली का बघा: पश्चिमेकडच्या दोन टाक्यांत गुडघाभर पाणी, दरवाजाजवळचं कोरडं. माचीखालच्या झऱ्याला पाणी आहे पण गुरं पितात, गाळून आणि उकळून घ्यावं. पाहिल्याची तारीख टाकली आहे.

पायवाट
गेली. दिसतेय. पाळी माझीच आहे.